गावाकडं परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

सकाळी मुळशीला एका ओळखीच्यांच्या नव्या घरी गेलो होतो. जागा सुंदर, समोर डोंगर. आम्ही पोहोचलो तेव्हा माळीदादा अंगणातला सगळा पालापाचोळा गोळा करून पेटवत होते आणि फाटकाशी टेम्पोतून गांडूळखताची पोती उतरत होती. एकाच वेळी! चहा घेताना यजमान म्हणाले, "गावाकडं राहणं परवडत नाही हो, पुण्यापेक्षा जास्त खर्च येतो." टँकर, सिलिंडर, खत, शिवाय दर शनिवारी पुण्याहून गाडीत घालून नेलेली भाजी. बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुणी होते, गप्प बसले. इथे गप्प बसणार नाही.

परवडत नाही, कारण घर गावात बांधलंय आणि चालवताय मात्र कोथरूडच्या फ्लॅटसारखं. सगळं बाहेरून आणायचं आणि उरलेलं बाहेर फेकायचं. असं केलं तर कुठंच परवडणार नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, सगळा जन्म सासवडच्या पलीकडं काढला. लिंबाची रोपं नुकतीच लावलेली आणि त्या साली पावसानं दगा दिला. विहिरीनं तळ गाठला. घरातले सगळे म्हणाले, जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू. आत्यांनी काय केलं? वाडीतले जुने माठ गोळा केले. दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठ क्षारांनी बुजतो, पाणी गार करत नाही, लोक उकिरड्यावर टाकतात, ते माठ. प्रत्येकाच्या बुडाला खिळ्यानं हळूहळू भोक पाडलं, त्यातून जुन्या धोतराची चिंधी ओढून घेतली, रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरला आणि तोंडावर कौलाचा तुकडा ठेवला, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि डासही होत नाहीत. तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी त्यात जायचं. साबणाचं पाणी नाही हं, ते मोरीतून थेट केळी नि कर्दळीला. रोपं जगली. शेजारचे हसले होते, "लिंबाला माठातलं पाणी पाजतायत" म्हणून.

२०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यात एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना जात होतं, आठवतंय? आमच्याकडं आत्या हसणाऱ्यांच्याच घरी टोपलीनं लिंबं पाठवत होत्या.

मोठ्या बागेला ठिबकच लागतं, मान्य. पण पाच-दहा झाडांसाठी?

आता पाण्याचंच घ्या. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, म्हणजे गळती-बिळती वजा जाता पन्नास हजार लिटर तरी हाती लागतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर झाले की! आणि मुळशीला पाऊस याच्या कितीतरी पट. तिथं पन्हाळ आणि टाकी नसलेलं घर बांधून उन्हाळ्यात टँकर मागवायचा, याला मी खर्च म्हणणार नाही, दुर्लक्ष म्हणेन.

आत्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या ज्या पुरंदरमध्ये नांदल्या, तिथंच १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, मग जमीन कितीही असो, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. अशा मुलखातली बाई तांदळाचं धुवण फेकेल का?

सिलिंडरचं तर मला ऐकवतच नाही. यजमानांकडं हौसेनं घेतलेल्या गाई आहेत. शेणाचा ढीग उघड्यावर, पावसात धुऊन जातो. रोज पंचवीस किलो शेण, म्हणजे दोन-तीन जनावरांचं, एवढ्यावर एक घनमीटरचा गोबरगॅस चालतो, आणि तो महिन्याला जवळपास एका सिलिंडरएवढा गॅस देतो. वर स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेलं पातळ शेणखत, मिळते ती वेगळीच, मग खताची पोती कशाला उतरवायची? जनावरं नसतील तर खेड्यांसाठी तंत्रं शोधणाऱ्या पुण्यातल्याच आरती (ARTI) संस्थेनं स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र केलं, २००६ साली त्यांना त्यासाठी ब्रिटनमधला ॲशडेन हा स्वच्छ ऊर्जेचा पुरस्कार मिळाला. थंडीत गॅस कमी येतो, हो, येतो. दोन महिने सिलिंडर वापरा, बाकीचे दहा महिने तर सुटलात.

चुलीचं कौतुक मात्र मी करणार नाही. धुरानं आत्यांचे डोळे गेलेले मी पाहिलेत. अंघोळीच्या पाण्याचा बंब अंगणात, त्यात तुराट्या, नारळाच्या झावळ्या, करवंट्या, एवढंच ठीक. राख चाळून ठेवायची, ती बियाण्याला लागते.

हे सगळं बाईच्या जिवावर चालायचं, असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. खरंय. आत्यांच्या कंबरेला विचारा. पण म्हणून माठ फेकून द्यायचा, की घरातल्या पुरुषांनी एक बादली उचलायची? आमच्याकडं त्या रोपांना पाणी घालायला माझा नवरा तेव्हा शाळेतून आल्यावर जायचा, दप्तर टाकून. आजही गावाकडं गेला की पहिल्यांदा लिंबापाशी जाऊन उभा राहतो. हे लिहिताना राग जरा उतरला खरा.

पण एक सलतंय. आज त्या घरात "आमची आजी करायची असलं, गरिबी होती ना" असं एकजण म्हणाली आणि सगळ्यांनी मान्य केलं. आत्यांच्या घरात कधी कुणी उपाशी उठलं नाही. दारच्या शेवग्याच्या शेंगा, अळू, कुंपणावर दोडका, उन्हाळ्यात वाळवलेली गवार नि मेथी पावसाळाभर, खरकट्यावर वाढलेल्या कोंबड्यांची अंडी. बाजारातून मीठ, चहा, साखर, काड्यापेटी, तेल. हातात राहिलेल्या पैशातून दोन नणंदांची लग्नं आणि माझ्या नवऱ्याचं पुण्यातलं इंजिनिअरिंग झालं. त्या बाईच्या हुशारीला गरिबी म्हणताना जीभ कशी रेटते?

बियाणंही तसंच. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती गावठी बी जपलं म्हणूनच. संकरित टोमॅटोचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या साली तसं फळ येत नाही, ते पाकीट विकतच घ्यावं लागतं. पण घेवडा, दोडका, दुधी, भोपळा, गवार यांचं गावठी बी असेल तर दरवर्षी दुकानात जायचं कारणच नाही. वेलावरचं पहिलं निरोगी फळ खायचं नाही, वाळू द्यायचं. बी काढून सावलीत सुकवायचं, राखेत घोळवायचं, बरणीत भरायचं. झालं.

तर येत्या रविवारी आम्ही आत्यांकडं जाणार आहोत. घेवडा, दुधी आणि दोडक्याचं मागच्या हंगामातलं बी त्यांनी बांधून ठेवलंय. गावाकडं वेल चढवायला कुंपण असलेल्या कुणालाही हवं असेल तर मेसेज करा, पुण्यात आणून देईन. पैसे नकोत. पुढच्या हंगामात दुप्पट बी परत करायचं, आत्यांचा नियम आहे, आणि त्या नावानिशी लक्षात ठेवतात.