‘ड्राइव्ह आहे ना, मग दाबा स्टार्ट!’

इलेक्ट्रिशियन मंडळींमध्ये व्हीएफडीबद्दल, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हबद्दल, एक मेसेज सारखा फिरतोय: ‘व्हीएफडी लावलाय ना? मग मोटर फिरत असली तरी बिनधास्त स्टार्ट द्या. ड्राइव्ह शून्यापासून उचलतो, झटका बसत नाही. ट्रिप झालाच तर रिसेट मारा. फ्लाइंग स्टार्ट ऑन केला की विषयच संपला.’ यातलं एकच अर्धं वाक्य खरं आहे, आणि तेही थांबलेल्या मोटरपुरतं.

‘शून्यापासून उचलतो’ हेच तर दुखणं आहे. चार पोलची मोटर १२०० आरपीएमवर घरंगळतेय, म्हणजे साधारण ४० हर्ट्झला. ड्राइव्हला त्याचा पत्ता नसतो (वेग मोजणारा एनकोडर मोटरला असेल तर गोष्ट वेगळी). तो आपला २ हर्ट्झपासून सुरुवात करतो. स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाचं, चुंबकीय क्षेत्र ६० आरपीएमने फिरतंय आणि रोटर, म्हणजे फिरणारा भाग, त्याच्या वीसपट वेगाने पुढे पळतोय. अशा वेळी मोटर जनरेटर होते. त्यातली काही ऊर्जा वाइंडिंग आणि रोटर तापवते, उरलेली उलटी ड्राइव्हमध्ये शिरते. ड्राइव्हच्या तोंडाशी एसीचं डीसी करणारा डायोड ब्रिज एकमार्गी असल्यामुळे ती लाइनला परत जात नाही, कपॅसिटरमध्ये साठते. ४१५ व्होल्ट सप्लायला डीसी बस (त्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज) ५८५ व्होल्टच्या आसपास असते. ती ८०० कडे सरकली की ओव्हरव्होल्टेज ट्रिप. त्याआधी करंट चढला तर ओव्हरकरंट. दोन एचपीच्या हलक्या लोडला हे खपून जातं, म्हणून तर मेसेज लिहिणाऱ्याला अनुभव चांगला आला असणार.

आता रिसेट. एका साखर कारखान्यात, ऐन गळितात, रात्रपाळीला लाइट गेली आणि दोन-तीन सेकंदांत परत आली. बॉयलरचा धूर ओढून काढणारा आयडी फॅन अजून जोरात फिरत होता, डक्टमधून घरघर ऐकू येत होती. भट्टीचा ड्राफ्ट (हवेची ओढ) पडतोय म्हणून ऑपरेटर घाईत. रिसेट, स्टार्ट, ट्रिप. पुन्हा तेच. चौथ्या वेळी कीपॅडच विझला. पॅनेल उघडलं तेव्हा जळका वास, आणि मोटरला करंट देणाऱ्या स्विचांचं आयजीबीटी मॉड्यूल फुटलेलं. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की एवढ्या जड पंख्याला थांबायला काही मिनिटं लागतात आणि दर रिसेटला तोच मार ड्राइव्ह नव्याने खातो.

फ्लाइंग स्टार्ट हा खरा उपाय आहे, पण आधी तो काय करतो ते बघा. ड्राइव्ह अगदी कमी व्होल्टेज देऊन वरच्या फ्रिक्वेन्सीवरून खाली येत मोटरचा वेग शोधतो. जुळला की व्होल्टेज हळूहळू पूर्ण करतो आणि तिथूनच पुढे नेतो. सीमेन्सच्या जी-१२० ला हा पी-१२०० पॅरामीटर, डॅनफॉसच्या एफसी-३०२ ला १-७३. यास्कावावाले त्याला स्पीड सर्च म्हणतात. पी-१२०० कारखान्यातून येताना ० असतो, म्हणजे बंद. १ ठेवला तर दोन्ही दिशांना शोध, ४ ठेवला तर फक्त सेटपॉइंटच्या, म्हणजे ड्राइव्हला दिलेल्या वेगाच्या, दिशेला.

दिशेचा हा फरक किरकोळ नाही. एका डक्टवर दोन पंखे असतील आणि बंद पंख्याचा डॅम्पर (हवा अडवणारी झडप) नीट बसत नसेल, तर तो पंखा उलटा फिरत राहतो. कपलिंगवर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढून ठेवा, लांबूनही दिसतं. तिथे ४ ठेवला तर शोध फसलाच म्हणून समजा.

मोटर बायपासवरून (थेट लाइनवरून) ड्राइव्हवर घेतानाही घाई नडते. सप्लाय तुटला तरी रोटरमधलं चुंबकत्व तत्काळ मरत नाही. मोठ्या मोटरला सेकंद-दोन सेकंद, कधी जास्तही लागतात. तेवढी उसंत न देता कॉन्टॅक्टर मारला तर शाफ्टला हिसका बसतो.

आणि काही ठिकाणी फ्लाइंग स्टार्ट नकोच. एका ड्राइव्हवर चार मोटरी असतील तर तो नेमका कुणाचा वेग शोधणार? होइस्टला (वजन उचलणाऱ्या यंत्राला) तर नावही काढू नका. बोअरवेलच्या सबमर्सिबलला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळका असेल तर पंप बंद होताच पाईपातलं पाणी खाली उतरतं आणि पंप उलटा फिरतो. त्या वेळी स्टार्ट दिला तर शाफ्ट पिळून तुटू शकतो. तिथे साधा डिले टायमर लावा, पाणी उतरायचा आवाज थांबायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून मोजा, आणि त्याहून जास्त वेळ ठेवा.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही. फ्लाइंग स्टार्टसोबत बरेच जण ऑटो रीस्टार्टही ऑन करून ठेवतात. मग लाइट आली की कोणी बटण न दाबता पंखा उचलतो, आणि तोवर फिटर बेल्ट गार्ड काढून आत हात घालून बसलेला असू शकतो. आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) खाली, त्याला कुलूप, चावी फिटरच्या खिशात, आणि तो पांढरा पट्टा स्थिर दिसल्याशिवाय गार्डच्या बोल्टला पाना लावायचा नाही.