कांटच्या नावावर खपवलेला निकाल

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या. वर अंगठा चोखणाऱ्या बाळाचा फोटो, खाली मजकूर. थोडक्यात असा: ‘माणसाला साधन म्हणून वापरू नका, असं थोर तत्त्वज्ञ कांट सांगतो. भ्रूण माणूसच आहे. म्हणून भ्रूणावरचं संशोधन कर्तव्यनीतीत (कर्तव्याला प्रमाण मानणाऱ्या कांटच्या नीतीत) बसत नाही. चौदा दिवसांची मर्यादा ही शास्त्रज्ञांची पळवाट. आता त्वचेपासून मूलपेशी बनतात, भ्रूण लागतोच कशाला? आणि भारतात तर याला कायदाच नाही.’ माहेरच्या ग्रुपवर तो काकांनीच टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, “तुझा विषय आहे, बोल.” तर बोलते.

आधी फोटो. अंगठा चोखणारं बाळ पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यातलं असतं. मूलपेशी, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, ज्यातून काढतात तो भ्रूण पाच-सहा दिवसांचा असतो: शे-दोनशे पेशींचा गोळा, छापील पूर्णविरामाहूनही लहान. त्यातल्या बऱ्याचशा पेशींची पुढे वार होते, बाळ नाही. फोटो बदलला तर मेसेजची निम्मी हवा जाते.

आता कांट, अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ. पुण्याला तो नवा नाही; टिळकांनी मंडालेत बसून लिहिलेल्या गीतारहस्यातही त्याची गाठ पडते. 1785 साली त्याने जे लिहिलं त्याचा आशय असा: माणुसकी स्वतःतली असो वा दुसऱ्यातली, तिला ‘केवळ’ साधन म्हणून कधी वागवू नकोस, त्याच वेळी साध्य म्हणूनही वागव. मेसेजमधून ‘केवळ’ गळाला आहे. कोथरूडहून स्वारगेटला जाताना मी रिक्षावाल्याला साधन म्हणूनच वापरते. तो राजीखुशीने आला (येतो कधी कधी) आणि मी मीटरप्रमाणे पैसे दिले, तर कांटची हरकत नाही.

हा गाळलेला शब्द सापडल्यावर मी संध्याकाळभर खूश होते. पण त्याने काकांचा मुद्दा पडत नाही. भ्रूण ही व्यक्ती असेल, तर तिला न विचारता नष्ट करणं म्हणजे तिला केवळ साधन करणंच. तिथे ‘केवळ’ माझ्या कामाचा नाही. खरा वाद आहे तो ‘भ्रूण माणूसच आहे’ या वाक्याशी. कांटला अभिप्रेत असलेली माणुसकी म्हणजे माणसाच्या जातीत जन्मणं नव्हे. स्वतःच्या बुद्धीने स्वतःपुढे हेतू ठेवण्याची क्षमता. मेसेज ‘मानवी पेशी’वरून ‘मानवी व्यक्ती’वर उडी मारतो आणि मधली दरी कुणाला दिसू देत नाही.

काका म्हणतील, क्षमता आज नसेल, उद्या येईल. हा मुद्दा हलका नाही. 1797 च्या ग्रंथात कांट म्हणतो की आईबाप एका व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय जगात आणतात, म्हणून तिच्याबद्दलचं कर्तव्य त्यांच्यावर येतं. कांटचे काही अभ्यासक याच धाग्याने भ्रूणाच्या रक्षणापर्यंत जातात. जायला हरकत नाही, पण तो त्यांचा निष्कर्ष. कांट 1804 मध्ये गेला. सस्तन प्राण्याचं अंडं कार्ल फोन बेअर या शास्त्रज्ञाने शोधलं 1827 मध्ये. काचेच्या बशीतल्या भ्रूणावर कांटच्या सहीचा निकाल कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. मला अडतं ते इथे: साधारण चौदा दिवसांपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात, जुळी होतात ती अशी. मग पाचव्या दिवशी तिथे ‘ती व्यक्ती’ होती म्हणायचं, तर दोघांपैकी कोणती?

आता मर्यादा: प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही. हा आकडा आला तो याच सुमाराला भ्रूणावर उमटणाऱ्या रेघेवरून. ही रेघ म्हणजे पुढच्या शरीराच्या आखणीची पहिली खूण. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीने 1984 मध्ये मर्यादा सुचवली, 1990 मध्ये तिचा कायदा झाला. पळवाट म्हणावी, तर तेव्हा भ्रूण प्रयोगशाळेत तितके दिवस जगवताच येत नव्हता. पण एक कबूल करते. 2016 मध्ये भ्रूण बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवता आला, आणि 2021 मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मर्यादा सैल केली. कुंपण टोचायला लागल्यावरच ते सरकवावंसं वाटलं, असा संशय काकांनी घेतला तर मी त्यांच्या बाजूने आहे.

त्वचेच्या पेशींचं खरं आहे. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी मागे वळवून मूलपेशींसारख्या केल्या, 2012 मध्ये नोबेल मिळालं. पण गर्भ का रुजत नाही, हे नुसत्या त्वचेच्या पेशींवरून कळत नाही; त्याला भ्रूणच पाहावा लागतो.

मेसेजमध्ये एक माणूस कुठेच नाही: जिची अंडी, ती बाई. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, मग भूल, मग सुई. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचं प्रकरण आठवा. त्यांचे मूलपेशींचे दावे बनावट ठरून 2006 मध्ये शोधनिबंध मागे घेतले गेले, पण त्याआधीच उघड झालं होतं की अंडी पैसे देऊन घेतली होती आणि काही तर हाताखालच्या संशोधक मुलींची होती. वरिष्ठाला नाही कोण म्हणणार? कांटचं ‘केवळ’ लागू पडतं ते इथे, शंभर टक्के.

कायदा नाही, हे तर साफ चूक. टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या कायद्याने (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा) भ्रूणाची विक्री बंद आहे. साठवणूक जास्तीत जास्त दहा वर्षं. पुढे भ्रूण नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा.

माझ्या धाकट्या बहिणीचे तीन भ्रूण इथल्याच एका सेंटरमध्ये गोठवलेले आहेत. यंदा भाड्याच्या बिलासोबत फॉर्म आला. तीन चौकोन: ठेवा, नष्ट करा, संशोधनासाठी द्या. कोणतं संशोधन, कोणती संस्था, याचा पत्ता नाही. फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, सगळे तिसऱ्यावरच टिक करतात.” बहिणीने संस्थेचं नाव लेखी मागितलं आहे. दीड महिना झाला, उत्तर नाही, आणि भाडं भरणं चालू आहे.