बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिणाऱ्यांनो

"डिझेल आहे ना? मग पंधरा-चाळीस टाका."

आमच्या नाशकात द्वारका चौकापासून आडगावपर्यंत कुठल्याही गॅरेजात जा, इंजिन ऑइल कुठलं टाकणार विचारा, हेच उत्तर, म्हणजे १५डब्ल्यू-४० ग्रेडचं. गाडी कोणत्या सालची, धुराच्या नियमांत बीएस-४ की नवी बीएस-६, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे का, एक प्रश्न नाही. बॉनेट वर जायच्या आधी डबा फुटलेला असतो. आणि जरा खोलात जाऊन विचारलं की लगेच तोंड वाकडं: "शेठ, वीस वर्षं गाड्या करतोय." अरे बाबा, वीस वर्षांपूर्वी ही इंजिनं होती का? बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात डब्याच्या मागची चार ओळींची माहिती वाचायला वेळ मिळाला नाही?

माझं डोकं फिरलंय ते चुलतभावाच्या पिकअपवरून. पिंपळगावहून रात्री टोमॅटो भरून वाशी मार्केट, सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत, असा त्याचा धंदा. गाडी बीएस-६. वॉरंटी होती तोवर शोरूमला, नंतर हायवेवरच्या एका गॅरेजला. दर वेळी त्याने विचारलं, यात कुठलं ऑइल चालतं? दर वेळी उत्तर एकच, "डिझेलचंच टाकलंय, बिनधास्त जा." आणि मग एका सकाळी परत येताना कसारा घाटात गाडीचा दमच गेला. गाडी रिकामी, तरी चढेना. मागे कंटेनरची रांग, हॉर्नवर हॉर्न.

स्कॅनर लावला, डीपीएफ चोक. गॅरेजवाल्याने गाडी जागेवर रेसवर ठेवून फिल्टर जाळून काढला, पैसे घेतले. थोड्या दिवसांत पुन्हा दिवा. पुन्हा जाळला, पुन्हा पैसे. शेवटी हातात कागद ठेवला, फिल्टर बदला, लाखाच्या वर. आणि वर ऐकवतो कसा, "तुमची चालवायची पद्धत चुकीची आहे, डिझेल कुठलं भरता?" रोज हायवेला चारशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला हे ऐकवायचं!

फिल्टरात काजळी साठते आणि राखही साठते. काजळी डिझेलची, ती फिल्टर तापला की जळून जाते. राख येते ऑइलमधून. इंजिन स्वच्छ राहावं, झीज कमी व्हावी म्हणून ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची रसायनं घातलेली असतात. थोडं ऑइल प्रत्येक इंजिनात जळतंच, आणि त्या धातूंची राख फिल्टरात जाऊन बसते. चुलीतलं लाकूड जळतं, राख पुन्हा पेटत नाही, हे आमच्या आजीलाही माहीत होतं. राखेने भरलेला फिल्टर कितीही वेळा रेस करून जाळा, रिकामा होणार नाही. मग पैसे कशाचे घेतले?

म्हणून तर डीपीएफच्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए सी३ हे युरोपचं मानक असेल तर सल्फेटेड अॅश, म्हणजे ऑइल जळून उरणारी राख, ०.८ टक्क्यांच्या आत. एपीआय सीके-४ हे अमेरिकेचं मानक असेल तर १ टक्क्याच्या आत. गॅरेजातल्या ड्रमात बहुतेक वेळा असतं ते सीआय-४. ते २००२ सालचं मानक, त्यात राखेला अशी मर्यादाच नाही. आणि मजा बघा, सीआय-४ पण पंधरा-चाळीसमध्ये मिळतं, सीके-४ पण पंधरा-चाळीसमध्ये मिळतं. म्हणजे "पंधरा-चाळीस टाका" म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं! तो आकडा फक्त ऑइलच्या घट्टपणाचा. फिल्टर वाचणार की मरणार, हे मागच्या बारीक अक्षरांत असतं, आणि ती अक्षरं वाचणं हे ज्याचं काम तोच वाचत नाही.

त्यातून मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं दाखवलं तर म्हणे, "ते थंड देशांसाठी, आपल्याकडे घट्टच पाहिजे." यातला दुसरा आकडा, म्हणजे ३०, हा गरम इंजिनातला घट्टपणा, तो मोजतात १०० अंशांवर. बाहेर नाशिकचा मे महिना असो नाहीतर निफाडची जानेवारी, गरम इंजिनाला त्याचं फारसं काही नसतं. कंपनीने ऑइल पंप, बेअरिंगमधली फट, सगळं एका घट्टपणाला धरून बसवलंय. तुम्ही कोण ते परस्पर बदलणारे?

आणि ती डिपस्टिकची परीक्षा! काडी बाहेर काढायची, दोन बोटांत ऑइल चोळायचं, नाक मुरडायचं: "काळं झालंय, चिकटपणा गेलाय." डिझेलचं ऑइल काळं होणारच. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, टाकल्यावर थोड्याच दिवसांत ते काळं होतं. ज्याकडे खरंच बघायला हवं ते मात्र दिसत नाही. माझी स्वतःची गाडी रोज गावातल्या गावात, गंगापूर रोड ते सीबीएस बसस्टँड, जेमतेम गरम होते तोवर बंद. अशा गाडीत फिल्टर जाळायचं चक्र अर्धवट राहतं, त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि काडीवरची पातळी वरच्या खुणेच्याही वर जाते. मी हे दाखवलं तर मेकॅनिक खूश! "बघा, गाडी थेंबभर ऑइल खात नाही." ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय, ते पातळ होतंय, आणि हा मला शाबासकी देतोय!

मोठ्या सर्व्हिस सेंटरला तरी काय वेगळं? एसी, कॉफी, काचेपलीकडे गाडी, आणि ऑइल कुठल्या ड्रमातून आलं ते दिसत नाही. मी मानक विचारलं. "कंपनीचंच आहे सर." हो, पण कुठलं? "आत विचारून सांगतो." गेला तो परत आलाच नाही. बिलावर काय, तर 'इंजिन ऑइल' आणि पुढे लिटर. बस. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव आपण दोनदा विचारतो, आणि हजारोंच्या बिलावर मालाचं नाव नाही! चुलतभावाचीही हीच गत. भांडायला गेला तर दाखवणार काय? कुठलं ऑइल टाकलं, याचा त्याच्याकडे कागदच नाही.

उलटीकडूनही लूट आहेच. दिंडोरीतल्या जुन्या ट्रॅक्टरला, ज्याला ना डीपीएफ ना सेन्सर, फुल्ली सिंथेटिकचा महागडा डबा गळ्यात मारतात. त्याला साधं सीआय-४ पुरतं.

आता त्या गॅरेजवाल्याचा नवीन सल्ला ऐका: "फिल्टर कापून टाका, खर्च वाचेल." म्हणजे आधी तुम्ही वाट लावायची, मग आम्ही बेकायदा काम करायचं, आणि धूर कोणी खायचा? मुंबई नाक्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांनी?

ज्या गावात सातपूर-अंबडला गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात, त्या गावात ऑइलचं मानक बिलावर लिहा म्हणून भांडावं लागतं. मी आता भांडणारच. डबा माझ्यासमोर फोडायचा, मागची बाजू मला दाखवायची, बिलावर ग्रेड आणि मानक दोन्ही लिहायचं, रिकामा डबा भोक पाडून माझ्या हातात द्यायचा. जमत नसेल तर पैसे मिळणार नाहीत, गाडी अडवून ठेवा नाहीतर काय करायचं ते करा.