सामाईक सातबारा तसाच विकायला काढू नका

वडिलोपार्जित शेती विकणाऱ्या पोरांना गाव नावं ठेवतं. मला ते पटत नाही. नोकरी पुण्या-मुंबईला, पोरं तिकडच्या शाळेत, तीन एकराला पाच वारस. यातल्या कुणी शेती करावी आणि ती पिकवून काय खावं? विकायचं असेल तर विकावं. माझा राग आहे तो विकण्याच्या पद्धतीवर. वारस नोंद अर्धवट, वाटप नाही, मोजणी नाही, आणि एक भाऊ उठतो नि सातबाऱ्यावरचा आपला अविभक्त हिस्सा एजंटाला लिहून देतो. त्याला स्वतःला भाव मिळत नाही आणि मागे राहिलेल्यांचं वाटोळं होतं.

हे होतं कसं ते बघा. आपल्याकडे सहहिस्सेदाराला अविभक्त हिस्सा विकता येतो. पण घेणाऱ्याला मिळतो तो फक्त हिस्सा. अमुक बांधापासून तमुक बांधापर्यंतचा तुकडा त्याला मिळत नाही, तो वाटप करून मागावा लागतो. हे माहीत असलेला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतो. खरेदीखत झालं की रस्त्याकडेचा किंवा विहिरीजवळचा भाग तारेचं कुंपण मारून अडवतो आणि बाकीच्यांना सांगतो, जा कोर्टात. वाटपाचा दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो. वैतागून उरलेले चौघेही त्यालाच, त्याच्याच भावानं देऊन टाकतात. हा अपघात नसतो, काही लोकांचा हा धंदाच आहे.

म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी कागद. सुरुवात वारस नोंदीपासून. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी, लोक तलाठीच म्हणतात) अर्ज द्यायचा. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही देता येतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) लागतो. नोंद आधी वारस रजिस्टरला म्हणजे गाव नमुना सहा-क ला जाते, मग फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात.

इथंच सगळ्यात मोठी लबाडी होते, ती बहिणींची नावं गाळण्याची. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मानं समान हिस्सा दिला. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहिणीला वगळून केलेलं खरेदीखत तिच्या हिश्श्यापुरतं तिच्यावर बंधनकारक नसतं, त्यामुळे शहाणा गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतो. बहीण स्वखुशीनं सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. रक्ताच्या नात्यात, वडिलोपार्जित मिळकतीत, मोबदला न घेता ते केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. तोंडी 'ताईला काही नको' याला कागदावर शून्य किंमत. आणि ताईला खरंच काही नको का, हे तिला एकटीला विचारलेलं बरं.

दुसरी अडचण जुन्या शेऱ्यांची. सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' असेल, तर थोरल्याचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं असतं, जमीन एकट्याची नसते. तो थोरला वारला की त्याच्याच बायको-मुलांची नोंद होते आणि धाकट्या भावांच्या शाखा रेकॉर्डवरून गायब होतात. 'अ.पा.क.' असेल, तर कधीकाळच्या अज्ञान वारसाच्या पालनकर्त्याचं नाव अजून तसंच आहे; तो अज्ञान आता साठीचा झालेला असतो. म्हणून नुसता आजचा सातबारा काढून भागत नाही. मागचे सगळे फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून ओळीनं लावा. एखादा दुवा तुटला असेल तर आधी तो जोडा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे तर वकील पहिल्याच भेटीत सांगतो.

इतर हक्काचा रकाना नीट वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा फिटला असेल पण शेरा राहिला असेल, तर बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा दाखला) देऊन कमी करून घ्या. 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र', म्हणजे कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे वाचून बरेच जण हातपाय गाळतात, एजंट त्याचा फायदा घेतात. कुळाच्या खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर जमीन महसुलाच्या आकाराच्या ४० पट नजराणा भरून हा अडसर दूर होतो. आकार मुळातच काही रुपये असतो, त्यामुळे रक्कम चहापाण्याच्या खर्चाएवढी निघते. वतनी जमीन (पूर्वी गावकामाच्या मोबदल्यात दिलेली), पुनर्वसनाचा शेरा किंवा आदिवासी खातेदार असेल, तर मात्र घाई नको; आदिवासींच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही.

आता वाटप, जे सगळे टाळतात. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करायचं. एकजण अडला तर दिवाणी न्यायालय. आधी तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी) तपासा: बहुतेक जिल्ह्यांत आता प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. वाट्याला त्याहून कमी येत असेल तर तुकडा पडणार नाही. मग जमीन एकानं घेऊन बाकीच्यांना पैसे द्यायचे, नाहीतर सगळ्यांनी एकत्र विकायची.

वाटप कागदावर बरोबर आणि शेतात चुकीचं, असंही होतं. समजा तीन एकराचं शेत रस्त्याला ६० मीटर रुंद आणि आत २०२ मीटर लांब आहे. प्रत्येकाला रस्ता हवा म्हणून पाच उभ्या पट्ट्या पाडतात. एकेक पट्टी येते १२ मीटर रुंद, २४ गुंठ्यांची. त्यातून दोन्ही बाजूंचे बांध वजा करा, ट्रॅक्टरला आडवं वळायला जागा उरत नाही. असली पट्टी शेतकरी घेत नाही, घेतो तो प्लॉटवाला. त्याऐवजी एका कडेनं ४ मीटरचा रस्ता शेवटच्या तुकड्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे साधारण १६२ मीटर सोडा. त्यात सगळ्यांचे मिळून साडेसहा गुंठेसुद्धा जात नाहीत, प्रत्येकी सव्वा गुंठा. बदल्यात ५६ बाय ४० मीटरचे आडवे चौक मिळतात, जे शेती म्हणून कसता येतात आणि शेती म्हणून विकताही येतात. तो रस्ता वाटणीपत्राच्या नकाशात दाखवा आणि पाचही सातबाऱ्यांवर इतर हक्कात चढवा. नाहीतर पुढच्या खरेदीदारानं नांगर फिरवला की मागचा माणूस मामलेदार न्यायालय कायद्याखाली रस्ता मागत बसतो, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. विहीर असेल तर कुणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी कोणत्या दिवशी, मोटारीचं कनेक्शन कुणाच्या नावावर आणि पाइपलाइन कुणाच्या रानातून जाणार, हेही लिहा. विहिरीवरून झालेली भांडणं बांधापेक्षा जास्त टिकतात.

वाटप झालं की भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या तुकड्याची वेगळी मोजणी. पीक निघाल्यावर, शक्यतो फेब्रुवारी ते मे दरम्यान. उभ्या उसात मोजणी होत नाही, भूकरमापक येऊन परत जातो आणि तारीख पुढे पडते. लगतच्या कब्जेदारांची नावं अर्जात बरोबर लिहा. एकाला नोटीस पोचली नाही तर तो नंतर सगळी मोजणी खोडून काढायला बघतो. खुणा दाखवल्या त्याच दिवशी दगड रोवा, पंचांच्या सह्या घ्या. क्षेत्र कमी भरलं तर लगेच शेजाऱ्यावर धावून जाऊ नका. बांध कोरलेला असू शकतो, तसंच पूर्वी रस्त्याला किंवा कालव्याला गेलेल्या क्षेत्राचं कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) झालेलंच नसू शकतं. मोजणीनंतर आकारफोड (शेतसाऱ्याची तुकड्यांवर विभागणी) होऊन प्रत्येकाचा स्वतंत्र सातबारा निघाला की तुमच्याकडे विकण्यासारखी वस्तू आली.

गिऱ्हाईक शेतकरीच लागतो, कारण कुळकायद्याच्या कलम ६३ नं बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पण बाहेर शोधण्याआधी भावाबहिणींना लेखी विचारा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ग १ च्या वारसांपैकी एकजण आपला हिस्सा विकत असेल तर इतरांचा हक्क पहिला, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. त्यानंतर विचारायचं ते वाट्यानं जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याला. पंधरा-वीस वर्षं तुमचं रान राखणाऱ्या माणसाला कुंपणाचे खांब आल्यावर कळावं, हे मला तरी लाजिरवाणं वाटतं. त्याला एक हंगाम आधी सांगा. उभं पीक, विशेषतः खोडवा (तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक), कोण नेणार आणि ताबा कोणत्या तारखेला, हे साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात लिहा.

साठेखत नोंदणीकृतच करा. नोटरीच्या विसारपावतीवर (आगाऊ रकमेच्या पावतीवर) एजंट तुमची जमीन तिसऱ्याला दाखवत फिरतो, त्यात तुमचे हात अडकतात. मुदत आणि मुदत टळली तर काय, हे स्पष्ट असू द्या. कुलमुखत्यारपत्र देऊन मोकळं होण्याचा मोह टाळा. त्यानं मालकी जात नाही, पण तुमच्या नावावर सह्या करण्याचा अधिकार जातो. परदेशातल्या भावासाठी द्यावंच लागलं तर फक्त त्या गटापुरतं, त्या व्यवहारापुरतं, आणि पैसे त्याच्याच खात्यात जमा होतील असं लिहून.

पैशाबद्दल थोडक्यात. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, घेतली तेवढाच दंड बसू शकतो. ग्रामीण शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण 'ग्रामीण' ठरतं ते नगरपालिका हद्दीपासूनच्या सरळ रेषेतल्या अंतरावर: लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६, त्यापुढे ८. शहराच्या कडेची जमीन असेल तर सीएला खरेदीखताच्या आधी भेटा, नंतर नव्हे. प्रत्येक वारसाचा धनादेश वेगळा, त्याच्या नावाचा. आणि सगळीच्या सगळी जमीन विकत असाल तर एवढं लक्षात ठेवा, पन्नाशीनंतर गावाकडे एखादा एकर घ्यावासा वाटला, तर तेव्हा शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून दाखवायला तुमच्या नावाचा सातबारा नसेल.