मार्शल योजनेचे डॉलर कुणाच्या हातात पडले?

‘युद्धानंतर अमेरिकेने सगळ्यात जास्त डॉलर जर्मनीला फुकट वाटले, उपाशी लोकांना जेवू घातलं, तरी जर्मन माणूस आळशी झाला नाही.’ हा मजकूर या महिन्यात माझ्याकडे तीनदा आला, एकदा तर सख्ख्या मामाकडून. मामा, राग मानू नका, पण यात भेसळ फार आहे.

सगळ्यात जास्त जर्मनीला? नाही. मार्शल योजना म्हणजे दुसऱ्या महायुद्धात मोडलेल्या पश्चिम युरोपला उभं करायची अमेरिकेची मदत. त्यातून १९४८ ते १९५२ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलर गेले. पहिला नंबर जिंकलेल्या ब्रिटनचा, ३ अब्जांच्या वर. पश्चिम जर्मनीला साधारण १.४ अब्ज.

‘फुकट वाटले’ हे तर मुळातच चुकलं. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला अमेरिकी ट्रॅक्टर हवा असेल तर तो स्वतःचे फ्रँक मोजून घ्यायचा. कारखान्याचे डॉलर अमेरिकेचं सरकार चुकते करायचं आणि शेतकऱ्याचे फ्रँक फ्रान्सच्याच एका वेगळ्या खात्यात पडायचे. त्यातून वीज, रेल्वे, खाणी. मदत देशाला बहुतांशी फुकट, माणसाला मात्र पैसे मोजून. मामा, एवढं एक कळलं तरी पुष्कळ.

आणि जेवू घातलं? सगळ्यात वाईट हिवाळा १९४६-४७चा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी योजना मांडली ते भाषण जून १९४७चं, योजनेचा कायदा एप्रिल १९४८चा, म्हणजे दोन्ही त्यानंतरचे. त्या हिवाळ्यात जर्मनीतल्या कोलोन शहरात लोक मालगाड्यांवर चढून कोळसा चोरत. ३१ डिसेंबर १९४६ला तिथले कार्डिनल (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू) फ्रिंग्ज प्रवचनात म्हणाले की काम करून किंवा मागून मिळत नसेल, तर जीव जगवण्यापुरतं माणसाने घेतलं तरी चालेल. कोळसा असा ‘उचलणं’ याला तिथे ‘फ्रिंग्झन’ असं क्रियापदच पडलं! मुलांच्या पोटात पडलं ते १९४७ साली सुरू झालेलं शाळेतलं जेवण, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या खटपटीतून आलेलं. पोरं घरून भांडं आणि चमचा घेऊन जायची. केअर या अमेरिकी मदतसंस्थेची खाण्याची खोकी तर साध्या अमेरिकनांनी पदरचे १० डॉलर घालून पाठवली.

राहिला आळस. दुकानं कष्टाने भरली की आणखी कशाने, तेही बघू. २० जून १९४८ला, रविवारी, पश्चिम जर्मनीत जुनं चलन जाऊन नवा मार्क आला, माणशी ४०. सोमवारी दुकानांच्या काचांमागे एकदम माल दिसू लागला. तो अमेरिकेतून रातोरात आला नव्हता, व्यापाऱ्यांनी दडवलेला होता. ज्याच्याकडे घर किंवा कारखाना होता त्याचं फारसं बिघडलं नाही. ज्याने आयुष्यभर बँकेत पैसा टाकला, त्याच्या १०० जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा नवे झाले.