ऐनवेळी येणारे विषय

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्रात जो वाद पेटला, तो मी इंग्लंडमध्ये राहून रोज वाचत होतो. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने हिंदी अनिवार्य झाली आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. मूळ प्रश्न साधा होता: ज्याची मराठी अक्षरओळखही व्हायची आहे, त्या सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा झेपेल का, आणि ती शिकवायला शाळेत शिक्षक आहेत का? काही शिक्षणतज्ज्ञ हेच कळकळीने विचारत होते, पण चर्चा मुंबई कोणाची, दुकानदाराने कोणत्या भाषेत बोलावे, राज आणि उद्धव ठाकरे हे दोन चुलत भाऊ एका व्यासपीठावर येणार का, इथवर भरकटली आणि पहिलीचा वर्ग मागे राहिला. याचे मला फार वाईट वाटले.

आमच्या इथल्या नगरपालिकेत बांधकाम परवानगीच्या समितीपुढे नागरिकाला तीन मिनिटे मिळतात. अडणारा उजेड, वाहतूक, आवाज हे मुद्दे विचारात घेतले जातात. घराची किंमत उतरेल, ही तक्रार घेतली जात नाही. एका बैठकीत एक वृद्ध बाई खिडकीतून दिसणाऱ्या शेताबद्दल बोलू लागल्या, तेव्हा अध्यक्षांनी नम्रपणे, पण लगेच, त्यांना थांबवले. निर्णय त्याच संध्याकाळी झाला. ती शिस्त मला पटली, तरी बाईंचे दुःखही खरेच होते.

आपल्याकडे नियम नाहीत, असे मुळीच नाही. असंबद्ध बोलणाऱ्या सदस्याचे भाषण थांबवण्याचा अधिकार लोकसभेच्या अध्यक्षांना नियम ३५६ ने दिला आहे, आणि ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सचा, ४२ वा स्थायी आदेशही जवळजवळ तेच सांगतो. फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. कॉमन्समध्ये दिवसाच्या कामकाजाअखेर अर्धा तास राखलेला असतो. त्यात एखादा साधा खासदार आपल्या मतदारसंघातले रुग्णालय किंवा रस्ता यांवर बोलतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. त्यामुळे ते रुग्णालय करांवरच्या चर्चेत ओढून आणण्याची गरज त्याला फारशी पडत नाही. आपल्या विधानसभेतही लक्षवेधी आणि अर्धा तास चर्चा आहेत, पण गोंधळात कामकाज तहकूब झाले की त्याही वाहून जातात.

ग्रामसभेत तर 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' विषयपत्रिकेच्या तळाशी असतात आणि तिथवर सभा पोहोचेपर्यंत माणसे उठून गेलेली असतात. म्हणून ज्याच्या नळाला पाणी नाही, तो मागील सभेचे इतिवृत्त कायम करतानाच उभा राहतो. त्याला मी दोष देणार नाही. माझे म्हणणे असे, की ऐनवेळच्या विषयांना सभेच्या आरंभीच ठरावीक वेळ द्यावा, मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवावे, आणि त्यानंतर जो कोणी विषय सोडेल, मग तो सरपंच असो की आमदार, त्याला थांबवावे. मराठीच्या अस्मितेवरही स्वतंत्र आणि भरपूर चर्चा व्हायलाच हवी. मात्र ज्या दिवशी पहिलीच्या वेळापत्रकावर बोलायचे ठरले असेल, त्या दिवशी सर्वांत आधी पहिलीच्या शिक्षिकेला बोलू द्यावे.