लॅपटॉप झोपेत चार्जिंग खातोय? बॅटरी बदलायची घाई नको

‘विंडोज ११ टाकल्यावर लॅपटॉप मिटून ठेवला तरी रात्रीत चार्जिंग उतरतं, म्हणजे अपडेटने बॅटरी मारली. नवी टाका, नाहीतर रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंद) बदला, नाहीतर विंडोज १० वर परत जा,’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. चार्जिंग उतरतं हे खरं. बाकीचं पटत नाही.

बॅटरी गेली की नाही, हे घरीच कळतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या काळ्या खिडकीत, ‘powercfg /batteryreport’ चालवा. रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी (आजची क्षमता) ४५,००० दिसत असेल, तर बॅटरी ठणठणीत आहे. लॅमिंग्टन रोडला जाऊन पैसे घालवू नका. आकडा निम्म्यावर आला असेल तर जरूर बदला, पण ती झीज एका अपडेटने होत नाही.

दोष बहुतेकदा झोपेचा, म्हणजे स्लीप मोडचा असतो. पूर्वीच्या ‘एस-३’ झोपेत रॅम सोडून जवळपास सगळं बंद व्हायचं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं: स्क्रीन काळी, पण मशीन मध्येमध्ये उठून मेल, अपडेट बघतं. अपग्रेडनंतर वाय-फायसारख्या भागाचा एखादा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नीट जुळला नाही, तर ते गाढ झोपतच नाही. चर्चगेटला बॅगेत टाकलेला लॅपटॉप बोरिवलीला काढताना गरम लागतो, तो असा.

नेमकं कोण जागं ठेवतंय, ते ‘powercfg /sleepstudy’ सांगतं. प्रॉम्प्ट तेवढा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. गेल्या तीन दिवसांतली एकेक झोप त्यात दिसते. जास्त खाणारी लाल असते. तिच्यावर क्लिक केलं की खाली डिव्हाइसचं नाव येतं. त्याचा ड्रायव्हर आणि बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर) अपडेट लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून घ्या.

रजिस्ट्री बदलून मॉडर्न स्टँडबाय बंद करा आणि जुनी एस-३ झोप आणा, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. फर्मवेअरमध्ये एस-३ नसेल तर ती झोप येत नाहीच, वर स्लीपचा पर्यायही गायब होतो. आधी ‘powercfg /a’ चालवून बघा. एस-३ ला फर्मवेअरचा सपोर्ट नाही असं तिथे लिहून आलं, तर रजिस्ट्रीला हात लावू नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर बँकेची कामं होतात, ते तिकडे परत न्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

नीट ड्रायव्हर मिळेपर्यंत कंट्रोल पॅनलमध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ लावा. रॅममधलं सगळं डिस्कवर जातं आणि चार्जिंग जवळपास तसंच राहतं. उघडताना थोडा वेळ जास्त लागेल, तेवढंच.